डाव्या वळणाची

मी डावखुरा. लहानपणी डावा हात ताटाकडे गेला, की आजी पळीच्या दांड्याने त्याला त्याची जागा दाखवायची. तीर्थ उजव्या हातावर, प्रसादही उजव्या हातावर. डाव्याच्या वाट्याला तेवढी पळी यायची.

परवा भर आषाढात कान्हेरीच्या वाटेवर, शेवाळलेल्या दगडावर एक गोगलगाय दिसली. मोठ्या नाण्याएवढी, फिकट तपकिरी. मंडळी केव्हाच पुढे गेलेली. "काय रे, सोनं सापडलं का?" वरून हाक आली. मी उकिडवा बसलो. लांब शिंगांच्या टोकांवर काळे ठिपके होते. तेच तिचे डोळे. शेजारी थेंब पडला, तसं एक शिंग मोजा उलटा करावा तसं आत गेलं आणि अंदाज घेत पुन्हा बाहेर आलं.

आतल्या गाठीच्या माणसाला आपण 'गोगलगाय अन् पोटात पाय' म्हणतो. बिचारीने पाय लपवलाय कुठे? पोटाची बाजू हाच तिचा पाय. शास्त्रज्ञही तिला उदरपादच म्हणतात, फक्त टोमणा मारत नाहीत.

ओळख पटवायची, तर आधी दार बघायचं. सायक्लोफोरस नावाची गोगलगाय आत शिरली की गोल झाकण ओढून घेते. तिचे डोळेही शिंगांच्या बुडाशी असतात. हिला दार नव्हतं. मग बघायचं वळण. शंखाचं टोक वर, तोंड आपल्याकडे. बहुतेकींचं तोंड उजवीकडे येतं. हिचं डावीकडे! म्हणजे एरिओफँटा लेव्हिपेस. अख्खी जातच डावखुरी, आणि हातावर मारायला कोणी नाही.

काराकोरममध्ये सर्वेक्षण करणारे गॉडविन-ऑस्टिन, ज्यांचं नाव के-टू शिखराला चिकटलं होतं, तेही पुढे असेच गोगलगायींत रमले. ब्लॅनफर्ड यांच्यासोबतचा त्यांचा भारतीय गोगलगायींवरचा ग्रंथ १९०८ सालचा. वरून पुन्हा हाक आली, तरी मी उठलो नाही. शिखरवाल्यांनीही शेवटी उकिडवंच बसायचं असतं.

घरी येऊन शंखांबद्दल वाचत बसलो. आजीला दक्षिणावर्ती शंखाची फार हौस होती. उजवा, दुर्मीळ, लक्ष्मी आणणारा. तो काही तिला मिळाला नाही. वाचताना कळलं, की देवघरात शंखाची निमुळती पन्हळ वर धरून वळण ठरवतात, शास्त्रज्ञ मात्र दुसरं टोक वर धरतात. शंख तोच, फक्त उलटा धरलेला. त्यामुळे देवघरातला उजवा तो शास्त्रज्ञांचा डावा.

म्हणजे आजीने जन्मभर ज्याची वाट पाहिली, तो डावखुराच होता. आणि एक डावखुरा रोज तिच्या पंगतीला बसत होता.