काळा पाईप, पांढरा सदरा

कारंजा घाडग्यात बसून गंजाची भीती घालणाऱ्या माणसाचं मला हसू येतं. समुद्र आमच्यापासून इतका दूर, की खारा वारा निघालाच तरी त्याला तळेगावच्या ढाब्यावर मुक्काम करावा लागेल. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो; लोखंडाला ओल मिळणार कुठून? हा युक्तिवाद मी वेल्डरला भर उन्हात गच्चीवर उभं करून ऐकवला. त्यानं पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाला, "पावसाळा तं इथंबी असतेच नं, गुरुजी?"

सूर्यघर योजनेतून ३ किलोवॉटचं सोलर घेतलं होतं, ७८,००० रुपये सबसिडीचं. त्यासोबतचा सांगाडा बुटका. मला उंच हवा होता. खाली खाट टाकता येईल, हिला कुरडया वाळवता येतील. पॅनलच्या सावलीत कुरडया कशा वाळतील, हा हिचा प्रश्न मी किरकोळ म्हणून बाजूला ठेवला.

वेल्डरचं म्हणणं एकच, "जी.आय. घ्या जी." जी.आय. म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड. सुमारे ४५० अंशांवर वितळलेल्या जस्तात ते बुडवून काढतात. जाड पोलादावर ८० मायक्रॉनच्या आसपास थर बसतो. त्यावर ओरखडा गेला तरी जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं.

"दुसऱ्यासाठी झिजण्याचं काम जिल्हा परिषदेत आयुष्यभर केलंय," मी म्हणालो. "घरात आणखी एक नको."

बिनजस्ताचा काळा पाईप आला. निदान घासून रेड ऑक्साइड तरी मारा, असं तो सांगून गेला. पण मृग तोंडावर होता, आणि प्रायमर हा रंग विकणाऱ्यांनी काढलेला धंदा आहे असं माझं जुनं मत. पाईपवर कारखान्यातलं तेल होतं, काळी खपली होती. त्यावरच मी सिल्व्हर पेंट चढवला. दरवर्षी उन्हाळ्याआधी कूलरच्या टाकीला डांबर फासणारा माणूस मी. पाणी पत्र्याचं काय करतं ते मला कुणी शिकवायला नको. पण तो कूलर होता, हा सोलर. शेजाऱ्यांनी विचारलं, "जी.आय. का?" मी हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही.

दिवाळीच्या आसपास रंगाला फोड आले. एकावर नख लावलं तर चांदीची पापडी सुटली आणि खालून विटकरी भुगा बोटाला लागला. वेल्डिंगच्या सांध्यांपाशी तर रंग नावालाच उरला होता. मी वरून आणखी एक हात मारला.

पंचवीस जानेवारीला धुतलेला पांढरा सदरा त्याच पाईपवर टाकला. पहाटे दव पडलं. झेंडावंदनाला उभा राहिलो तेव्हा पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत तांबडा पट्टा. एका जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, एनसीसी जॉइन केली का?"

गंजाचा डाग लिंबू-मिठानं निघतो, हे हिला ठाऊक. पण संत्र्याच्या मुलखात लिंबू विकत आणायचं? मी संत्रं पिळलं. लिंबाची आंबटाई संत्र्यात नसते, साखर मात्र भरपूर असते, हे मुंग्यांनी सदऱ्यावर येऊन सिद्ध केलं.

वेल्डरला बोलावलं. तो पाईपवर बोटानं टकटक करत खाली गेला आणि बुडाशी थांबला. "आतमंधी पाणी हाये." वरची तोंडं उघडीच होती, बंद करायला टोप्या लागतात आणि त्यांचे पैसे वेगळे पडत होते. पावसाळाभर पाईप भरत गेले होते. त्यानं बुडाशी ड्रिल लावलं आणि उकळलेल्या चहाच्या रंगाचं पाणी माझ्या नव्या चपलांवर आलं. आतून गंजलेल्या पाईपला बाहेरून कितीही रंग द्या, त्याला त्याचं काही वाटत नाही.

मग तारेचा ब्रश, थिनर, रेड ऑक्साइड, जस्ताचा रंग, टोप्या, पायाशी पाणी साचू नये म्हणून काँक्रीटला उतार. बिल जी.आय.च्या पुढे गेलं. एक पाय मात्र त्यानं तसाच ठेवला. "हा राहू द्या जी, कामाचा हाये."

कशाच्या, ते आता कळतं. काळा पाईप मागणारा गिऱ्हाईक आला की तो त्याला थेट आमच्या गच्चीवर आणतो. तो पाय दाखवतो, मग मला दाखवतो. हिला प्रत्येकाला चहा द्यावा लागतो, आणि बहुतेक जण जी.आय. घेऊनच जिना उतरतात. मी परवा त्याच्याकडे कमिशनचं बोललो. तो म्हणाला, "गुरुजी, तुमचा फोटोबी दुकानात लावू का?"