थोरल्या भावाची वारी

आषाढात पंढरीच्या वाटेवर चालायचं तर आधी पाय ठेवायला जागा शोधावी लागते. पौषात पेठहून हरसूलमार्गे त्र्यंबकेश्वरला चालत निघालं तर ती अडचण नाही. रस्ता सगळा आपलाच. कुत्रीसुद्धा एकदा रीतसर भुंकतात आणि पुरेसा प्रतिसाद मिळत नाही म्हणून परत जाऊन झोपतात.

ही संत निवृत्तिनाथांची पौषवारी. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला यात्रा भरते आणि तिथे माणूस मावत नाही, हे खरं. नगर-जळगावकडून मोठमोठ्या दिंड्या येतात, त्यांचे बॅनर मोठे, स्पीकर त्याहून मोठे. पेठच्या डोंगरातून निघणाऱ्या दिंड्या मात्र आटोपशीर. आमच्या दिंडीत पुढून चोपदार काही पुटपुटला तरी शेवटचा टाळकरी ‘काय म्हणता?’ असं विचारायचा.

निवृत्तिनाथांचं नशीबच मुळी थोरल्या भावाचं. ज्ञानेश्वरांचे गुरू हेच. गीतेवरची टीका पुरी झाल्यावर ‘हे झालं, आता स्वतःचं काही लिही’ असं धाकट्याला यांनीच सांगितलं आणि त्यातून ‘अमृतानुभव’ झाला, असं परंपरा मानते. एवढं करून धाकट्याची पालखी टीव्हीवर थेट दिसते आणि थोरल्याच्या वाट्याला त्र्यंबकची थंडी. घरोघरचे थोरले इथे मान डोलावतील. (मीही थोरलाच, पण तो विषय मोठा आहे.) बरं, गुरू मिळाले तेही वाट चुकल्यामुळे! सगळं कुटुंब ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालत असताना वाघ आडवा आला, पळापळीत निवृत्ती एकटे पडले आणि शिरले ते थेट गहिनीनाथांच्या गुहेत. वडिलांच्या कनवटीला रस्ता सांगणारा फोन असता तर मंडळी दिवेलागणीला सुखरूप घरी पोचली असती आणि आपण सातशे वर्षं कोरडे राहिलो असतो.

पेठ हे नाशिकहून धरमपूर-वलसाडकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. इथे एके काळी संस्थान होतं. शेवटची बेगम १८७८ साली वारली आणि ते खालसा झालं. त्याआधी १८५७ च्या धामधुमीत हरसूलचा बाजार लुटला गेला होता आणि पेठच्या भगवंतरावांना इंग्रजांनी फासावर चढवलं होतं. त्याच हरसूलला आम्ही चहा घेतला. त्यात साखर इतकी होती की प्यायल्यावर कोणाला उठाव सोडा, उठून उभं राहायचीही इच्छा होईना.

पावसाळ्यात इथे दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. पडलेलं पाणी दमणगंगेतून पश्चिमेला समुद्राकडे पळून जातं. ते गोदावरीच्या खोऱ्यात वळवायच्या योजनेचे कागद कैक वर्षं फिरताहेत. आमच्या दिंडीने सकाळी दमणगंगेच्या खोऱ्यात पोटभर पाणी पिऊन दुसऱ्या दिवशी ते गोदावरीच्या खोऱ्यात पोचवलं. अहवाल नाही, मंजुरी नाही. कसं पोचवलं, हा तपशील इथे नको.

या भागात पँट घालून, पाठीला बॅग लावून चालणाऱ्या माणसाला भक्त कोणी समजत नाही. एका पाड्यावर मला ‘गुरुजी’ म्हणाले, पुढच्यावर ‘घरकुलाचा हप्ता कधी येल?’ असं विचारलं आणि तिसऱ्यावर एका म्हाताऱ्याने वनपट्ट्याच्या दाव्याची फाईलच आणून हातात दिली. पिशवीत पिशवी, त्यात पिशवी, आत कागद. ‘बाबा, मी वारकरी आहे,’ म्हटलं तर ते समजुतीने हसले. ‘आसू द्या साहेब, पण कागद बघा.’ मी बघितला. मग चहा आला.

माझ्यासोबत एक आजी चालत होत्या. डोक्यावर तुळस, कमरेला खोचलेला मोबाईल. तो दर तासाला वाजे. दिवाळीनंतर अर्धा पेठ तालुका दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागांत मजुरीला असतो, त्या बागेतून मुकादमाचा फोन. तुळशीला धक्का न लावता आजी ओरडायच्या, ‘त्र्यंबकला हाये मी! दुवादशी सोडून येते!’ आणि पुढच्याच श्वासात अभंगात सूर मिळवायच्या, तोही बरोब्बर. मी दमून ‘आजी, अजून किती?’ विचारलं, तर त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं. त्यांच्या पायांत टायरच्या चपला.

‘आम्ही मुंबईला गेल्तो चालत. मोर्च्याला.’

२०१८ च्या मार्चमधला नाशिक-मुंबई लाँग मार्च. वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी सुरगाणा-पेठकडची माणसं सुमारे १८० किलोमीटर चालून गेली आणि त्यांच्या फोड आलेल्या तळव्यांचे फोटो देशभर छापून आले.

‘मग कुठलं चालणं बरं, आजी? मुंबईचं का हे?’

‘मुंबईला सरकारनं लेखी दिलं,’ आजी म्हणाल्या. ‘द्येव निदान लिहून तरी देत नाय.’

यावर पखवाजवाल्याचा ठेका चुकला.

एकादशीला फराळाला भगर. वरई पिकते ती इथल्याच उतारांवर. कांडायला जाते नाशिकच्या गिरण्यांत आणि भगर होऊन, देवाचं चित्र छापलेल्या पाकिटात बसून त्याच पाड्यांवर विकायला येते. वरईची वारी आमच्यापेक्षा लांबची, आणि परतताना तिचा भाव वाढलेला असतो. आमचा कोणाचा वाढला नाही. उलट उपवास नसलेल्या पोरांनी नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं आमच्या समोर बसून खाल्लं, तेव्हा माझी भक्ती बऱ्यापैकी खाली आली होती.

त्र्यंबकला पोचल्यावर कुशावर्तावर ही गर्दी. वाटेवर एकमेकांच्या पाया पडणारी माणसं इथे एकमेकांच्या पायांवर पडत होती. आजींनी निवृत्तिनाथांच्या समाधीचं दर्शन माझ्या कितीतरी आधी घेतलं. मी अजून रांगेत होतो आणि त्या बाहेर फराळ करत होत्या.

परतीला एसटी. खिडकीतून रुमाल, टोप्या, एक लहान मूल, असं काय काय आत टाकून जागा धरल्या गेल्या. वाटभर ज्यांना सगळे वाकून नमस्कार करत होते ते विणेकरीबाबा वीणा छातीशी धरून दारातच अडकले. वीणा खाली ठेवायची नाही, हा नेम. कंडक्टरने तिकिटं फाडत वर बघितलं.

‘बाबा, ते सामान वर टाका.’

‘हे सामान न्हाय.’

‘मग काय, प्रवासी आहे?’

‘हां.’

कंडक्टरने वीणेला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ‘वय किती?’

‘पंचाहत्तरच्या वर,’ मागून आजींचा आवाज आला. ‘फुकट हाये त्याला!’