नाकापेक्षा मोटर जड

दादाच्या नातवाला सातव्या वाढदिवसाला इलेक्ट्रिक गो-कार्ट मिळाली, आणि ती फारच हळू पळते हे सगळ्यात आधी लक्षात आलं ते दादाच्या. नातवाची तशी काही तक्रार नव्हती. गाडी ताशी बारा किलोमीटर धावायची आणि उरलेला वेग तो तोंडाने 'ढुर्रर' करून भरून काढायचा. 24 व्होल्ट, 250 वॅटची मोटर, चार बुटकी चाकं, लाल प्लास्टिकची सीट आणि खोक्यावर ठळक छापलेलं : कमाल वजन 50 किलो. दादाचं वजन 84. आता हे दादाने वाचलं नव्हतं असं नाही. पण ज्याची उभी हयात भोसरीच्या टूलरूममध्ये गेली, त्या माणसाच्या मते छापील आकडा हा नेहमी कुणीतरी भित्र्या माणसाने लिहिलेला असतो.

आमच्या चिंचवडच्या सोसायटीत तळघरातल्या पार्किंगमधून वर येणारा चढ आठास एक आहे. आठ फूट पुढे गेलं की एक फूट वर. एका रविवारी दादा "जरा चाचणी घेतो" म्हणून स्वतःच गाडीत बसला. गुडघे कानाशी, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि नातू शेजारी उभा राहून आपल्याच गाडीकडे परक्यासारखा बघतोय. सपाटीवर गाडी कण्हत का होईना पण गेली. चढाला मात्र निम्म्यावर थांबली आणि करपल्यासारखा वास सुटला.

"पोराला पॉवर कमी पडतेय," दादा म्हणाला.

"पोर कुठंय पण त्यात?" वहिनींनी गॅलरीतून विचारलं.

दादाने हे ऐकलं नाही. त्याने वाणसामानाच्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशोब मांडला. दादा आणि गाडी मिळून 120 किलो, चढ आठास एक, वेग ताशी बारा : लागणारी ताकद जवळपास 490 वॅट. मोटर 250 ची. सिद्ध झालं! मी बँकेतला माणूस, मला वॅट फक्त वीजबिलापुरता ठाऊक. पण आकडेमोड तपासायची खोड जुनी. त्याच कागदावर दादाच्या जागी नातवाचे 22 किलो घालून बघितले. उत्तर आलं 237. म्हणजे गाडी बनवणाऱ्याने हिशोब बरोब्बर केला होता, फक्त नातवाला धरून. मी कागद दादापुढे सरकवला. त्याने तो उलटा केला आणि म्हणाला, "बाळ्या, यात साबुदाणा लिहायचा राहिलाय."

पहिला उपाय स्वस्तातला होता. डीसी मोटरला जितके व्होल्ट जास्त, तितके तिचे फेरे जास्त. तेव्हा बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांना तिसरी जोडली की 24 चे 36 आणि वेग दीडपट. या शास्त्रात खोट काहीच नाही. खोट होती ती कंट्रोलरमधल्या कपॅसिटरांत, कारण त्यांना या प्रगतीची कुणी आगाऊ कल्पना दिली नव्हती. 'फट्' असा आवाज झाला. कपाळावर हात मारायच्या ऐवजी दादाचा चेहरा उजळला. नुसती मोटर बदलायला वहिनींचा विरोध झाला असता; आता कंट्रोलर गेलाच आहे, तर मोटरही बदलून घेऊ असं म्हणायला तोंड मिळालं.

मग पार्सलने नवी मोटर आली. 48 व्होल्ट, 1000 वॅट, म्हणजे सव्वा अश्वशक्तीच्या वरच. वहिनींनी ती हातात घेऊन जोखली आणि म्हणाल्या, "भावजी, हिच्यावर माझी पिठाची गिरणी चालेल." ते खरंच होतं. घरगुती गिरणीची मोटर साधारण एक अश्वशक्तीचीच असते.

इथून पुढे जे सुरू झालं त्याला दादा 'अपग्रेड' म्हणतो. मोटर बसवायची तर जुन्या पट्टीवर ती मावेना, म्हणून जाड पत्र्याची नवी पट्टी. भोकं जुळेनात, म्हणून ड्रिल. मोटरवरच्या दातेरी चक्राला आठ मिलिमीटर पिचची चेन लागते आणि गाडीच्या मागच्या चक्राला सव्वासहाची. दोघांचं लग्न लागणं शक्यच नाही. तेव्हा भोसरीतल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या लेथवर अकरा दातांचं नवं चक्र कापून घेतलं. त्या कामावर दादा इतका खूश की आठवडाभर ते शर्टाच्या खिशात. येईल त्याच्या हातावर ठेवायचा, पेढा ठेवावा तसा, आणि वर व्हर्निअर द्यायचा. दूधवाल्यानेसुद्धा मोजून पाहिलं आणि "बरोबर आहे काका" म्हणाला. चेन मात्र जुनीच राहिली. तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

वेगाची गोष्ट दादाने मला पुन्हा पुन्हा समजावली आणि शेवटी ती मला पटलीसुद्धा. वेग वॅटवर ठरत नाही, फेऱ्यांवर ठरतो. मोटर मिनिटाला 3000 फेरे फिरते. पुढे अकरा दाते, मागे सहासष्ट, म्हणजे चाक फिरणार 500 वेळा. दहा इंची चाक एका फेऱ्यात ऐंशी सेंटिमीटर जातं. झाले ताशी 24 किलोमीटर. वॅट लागतात ते त्या वेगाला पोचायला आणि चढ चढायला. सभ्य माणसांना वेग पुरतो, दादाला वॅट हवे होते.

आता हजार वॅट म्हणजे 48 व्होल्टला एकवीस अँपिअर. जुन्या वायरी होत्या बुटाच्या नाडीएवढ्या. दादा तापकीर गल्लीत गेला आणि सहा स्क्वेअरची वायर घेऊन आला. सोबत लग, फ्यूज आणि दुकानदाराशी झालेल्या वादाचा सविस्तर वृत्तान्त. वाद एमसीबीवरून झाला होता. घरातल्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे बटण बंद करताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. डीसीत शून्य येतच नाही. ठिणगी लागली की लागली, ती ओढून लांबवून तोडावी लागते. म्हणून डीसीचा एमसीबी वेगळा, आणि महाग. हे सगळं दुकानदाराला पंधरा मिनिटं समजावून झाल्यावर दादाने काय केलं, तर किंमत ऐकून साधा स्विच घेतला!

बॅटऱ्यांची कथा त्याहून करुण. यूपीएसमध्ये असतात तशा बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरच्या चार. कागदावर सात भागिले एकवीस, म्हणजे वीस मिनिटं. पण ते सात अँपिअर-अवर वीस तास हळूहळू वापरलं तरच मिळतात. घाई केली की शिशाची बॅटरी हात आखडता घेते आणि दहा मिनिटांत मान टाकते. दादाची नजर हॉलमधल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीकडे वळली. ती नजर वहिनींनी पकडली. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त इन्व्हर्टरच्या कपाटाला कुलूप लागलं.

अखेर चाचणीचा मुहूर्त ठरला. दादा टूलरूमचा माणूस, शिस्तीचा. मागची चाकं अधांतरी राहतील अशी गाडी विटांवर चढवली. नातवाला पाच हात लांब उभं केलं, मला दहा. थ्रॉटल हलकेच दाबला. चाकं फिरली, कुरकुर नाही, थरथर नाही. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की मला टाळ्या वाजवाव्या लागल्या. मग त्याने थ्रॉटल सोडला. चाकं फिरतच राहिली. उलट वाढली!

झालं होतं असं की स्वस्तातल्या कंट्रोलरमधला मॉस्फेट शॉर्ट झाला. हा चिमुकला भाग मेला की बहुतेक वेळा 'बंद' होऊन मरत नाही, 'चालू' होऊन मरतो, आणि मरता मरता सगळी वीज मोटरला देऊन जातो. दादाने स्विचकडे झेप घेतली. पण डीसीच्या ठिणगीने स्विचचे आतले पॉइंट एव्हाना एकजीव झाले होते. दुकानदाराला ऐकवलेलं व्याख्यान स्विचने मन लावून ऐकलं असावं. गाडी विटांवर थरथरत, सरकत, पुढच्या विटेवरून उतरली आणि जमिनीला चाक लागताच सुटली. आत कुणीही नाही.

गो-कार्टच्या मागच्या दोन्ही चाकांना मिळून एकच सलग दांडा असतो, डिफरन्शियल नसतं. त्यामुळे वळणावरही तिला सरळच जायला आवडतं; इथे तर वळवणाराच नव्हता. पार्किंगच्या मधल्या रस्त्याने ती रुबाबात निघाली. वॉचमनने सवयीने गेट उघडलं. सुदैवाने वाटेत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची वाळू पडली होती. तिच्यात नाक खुपसून गाडी मागच्या चाकांनी वाळू उडवत राहिली, आणि मग 'टण्' झालं. जुनी, बारीक, सव्वासहा मिलिमीटरची चेन तुटली. मोटर मोकळी फिरत राहिली, गाडी थांबली.

"एवढ्या सामानात ती एकटीच शहाणी," वहिनी म्हणाल्या.

वाळू अंगावर घेऊन सेक्रेटरी आले. त्यांच्या मोबाइलवर नियम तयार होता : 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतलं बॅटरीचं वाहन असेल तर नोंदणी लागत नाही, तुमचं हजार वॅटचं आहे. दादाने शांतपणे सांगितलं की तो नियम दुचाकीचा आहे, आणि तुमच्या चिरंजीवांची स्कूटर त्यात बसते का तेवढं बघून घ्या. सेक्रेटरी वाळू झटकत परत गेले.

मला वाटतं वेग वाढवत नेण्याचा हा आजार विजेच्या गाडीइतकाच जुना आहे. 1898 च्या डिसेंबरात शासलू-लोबा नावाच्या फ्रेंच सरदाराने पॅरिसजवळ विजेची मोटार ताशी 63 किलोमीटरने पळवली. लगेच जेनात्झी नावाच्या लाल दाढीच्या बेल्जियन गृहस्थाच्या पोटात दुखायला लागलं. जानेवारीत त्याने 66 केले. त्याच दिवशी सरदाराने 70. दहा दिवसांत जेनात्झीने 80, मार्चमध्ये सरदाराने 92, आणि एप्रिल 1899 मध्ये जेनात्झीने बंदुकीच्या गोळीच्या आकाराची गाडी बांधून 105 गाठले. मोटारीने ताशी शंभराचा टप्पा ओलांडला तो असा, पेट्रोलवर नव्हे तर विजेवर, आणि निव्वळ ईर्षेपोटी. पुढे हा जेनात्झी शिकारीच्या सहलीत मित्रांची गंमत करायला झुडपामागे लपून रानडुकराचा आवाज काढत होता, तेव्हा मित्राच्या गोळीने गेला. गो-कार्टचा जन्मही याच जातीचा. 1956 मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसाने गवत कापायच्या यंत्राचं इंजिन नळ्यांच्या सांगाड्याला बसवलं. रेसिंगच्या गाड्या बांधण्याचा त्याचा धंदाच होता, तरी घरी येऊन हे केलं. हे मी दादाला सांगितलं ते त्याला आवर घालायला. त्याने त्यातून एवढंच घेतलं की थोर माणसांनाही सुरुवातीला सेक्रेटरी भेटतात.

त्यानंतर मात्र त्याने काम खरोखर चोख केलं, हे म्हटलं पाहिजे. चेन जाड आली, मागचं चक्र बदललं, कंट्रोलर बऱ्या घरचा आला, डीसीचा एमसीबी आला, आणि सीटच्या मागे कारखान्यातल्या यंत्रावर असतं तसं लालभडक मशरूम बटण बसलं. ब्रेकही बदलला, कारण वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, आणि त्यातून बसणारा 22 किलोंचा नसून 84 चा आहे. असं करता करता मूळ गाडीतलं काय उरलं, तर लाल सीट आणि खोकं. वहिनींनी कालनिर्णयाच्या मागे खर्चाची बेरीज केली होती. ती मी पाहिली आहे, पण सांगणार नाही.

दादा त्या गाडीतून आठास एकचा चढ चढला. मधे न थांबता. वर पोचल्यावर त्याने हात वर केला, आणि तो खाली आणताना पाठीत उसण भरली. मग गाडी नातवाकडे आली. नव्या कंट्रोलरला वेग मर्यादित करायच्या दोन वायरी असतात. सूनबाईंनी त्या स्वतः, आपल्या डोळ्यांदेखत जोडून घेतल्या. आता गाडी ताशी बारा किलोमीटर धावते आणि नातू तोंडाने 'ढुर्रर' करतो.

राहता राहिली जुनी 250 वॅटची मोटर. चांगली चालती मोटर कपाटात पडून आहे, ही गोष्ट दादाला रात्री झोपू देईना. आणि योगायोग बघा, गणपतीच्या तोंडावर सेक्रेटरी स्वतःहून आले. मूर्तीमागे चक्र फिरवायचं होतं, गेल्या वर्षीची मोटर जळली होती. झालं गेलं विसरून दोघे चक्राभोवती उभे राहिले. दादाने व्हर्निअर काढला, व्यास घेतला, मागून थोपटून पाहिलं आणि ओठ बाहेर काढला.

"अडीचशे वॅट कमी पडतील," तो म्हणाला.

"अहो दादा, पुठ्ठ्याचं चक्र आहे ते!"

"तेच म्हणतोय मी. आधी चक्र बदलू."