बिटरेटराव

नवा व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे चित्रफीत दाबून लहान करणारा प्रोग्रॅम, अजून कच्चा असतो. तो लिहिणाऱ्यांनीच ‘फक्त चाचणीसाठी, रोजच्या कामाला वापरू नये’ असं बजावलेलं असतं. तरीही ज्या रात्री त्याची पूर्वावृत्ती बाहेर पडते, त्याच रात्री ती उतरवून घेणारा एक माणूस असतोच. त्याला आपण बिटरेटराव म्हणू. बिटरेटराव बर्लिनमध्ये असतात, सोलमध्ये असतात आणि कोथरूडमध्ये नसतील असं मानायला काही कारण नाही. पोटापाण्यासाठी ते बँकेत असोत की कॉलेजात, दिवेलागणीनंतर त्यांचा उद्योग एकच : मुळात बरी चाललेली चित्रफीत आणखी लहान करून पाहणं. त्यांना सिनेमाची आवड आहे असा शेजाऱ्यांचा गैरसमज असतो. त्यांना आवड असते ती सिनेमाच्या फाइलची. ‘अहो, आज तो सिनेमा लावणार होतात ना?’ अशी घरातून विचारणा झाली की ‘अजून एन्कोड व्हायचाय’ हे उत्तर तयार असतं, आणि एन्कोड होईतो नवी आवृत्ती आलेली असते. अशा माणसाची थट्टा करायला फारशी प्रतिभा लागत नाही. पण थट्टा करून झाल्यावर एक गोष्ट मान्य करावीच लागते : आज मोबाइलवर जे स्वच्छ चित्र दिसतं, त्या स्वच्छपणात या माणसाच्या कटकटीचा वाटा आहे. तो वाटा नेमका कोणता, एवढाच काय तो प्रश्न. माझं म्हणणं असं की बिटरेटरावांचा निकाल कवडीमोलाचा असतो. तक्रार मात्र लाखमोलाची.

असा छंद मुळात संभवतो कसा, ते आधी पाहू. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचं चित्र, सेकंदाला पंचवीस वेळा, रंगाची माहिती रिवाजाप्रमाणे कमी करून पण बाकी काहीही न दाबता साठवायचं म्हटलं, तर सेकंदाला सुमारे ७८ मेगाबाइट लागतात. म्हणजे तासाला २८० गिगाबाइट. तोच तास सेकंदाला पाच मेगाबिटच्या हिशेबाने आपल्यापर्यंत येतो तेव्हा सव्वादोन गिगाबाइटचा झालेला असतो. मधले पावणेतीनशेच्या वर गिगाबाइट गेले कुठे? काही हुशारीने वाचले : मागच्या फ्रेममधला चौकोन जरासा सरकवून पुढच्या फ्रेममध्ये बसत असेल तर तो पुन्हा पाठवायचा नाही, ‘इथून उचल, तिथे ठेव’ एवढंच सांगायचं. बाकीचे सरळ फेकून दिले. डोळ्याला कळणार नाही असं वाटलं ते टाकलं. आता गंमत अशी की एच.२६४ किंवा एव्ही-१ यांसारखं मानक फक्त उलगडायचं कसं ते ठरवतं. काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे एन्कोडर लिहिणाऱ्याच्या अकलेवर सोडलेलं असतं. म्हणूनच एच.२६४ हे मानक २००३ मध्ये ठरून गेलं, तरी एक्स२६४ हा मुक्त एन्कोडर पुढे कितीतरी वर्षं सुधारत राहिला आणि त्याच जुन्या प्लेअरवर नव्या फाइली आधीपेक्षा चांगल्या दिसत गेल्या. काय टाकावं हा निर्णय जर कुणाच्या तरी अंदाजावर चालतो, तर ‘तुमचा अंदाज चुकला’ असं सांगणारा माणूस जन्माला येणारच होता.

हा माणूस कामाला बसला की पाहण्यासारखा असतो. त्याच्याकडे ठरलेले नमुने असतात. ‘फोरमन’ नावाच्या तीनशे फ्रेमच्या जुन्या तुकड्यात हेल्मेट घातलेला एक माणूस कॅमेऱ्याकडे पाहून तावातावाने काहीतरी सांगतो. चाचणीच्या फाइलीला आवाज नसल्यामुळे तो काय सांगतो याची कोणी चौकशी केलेली नाही. त्याच्या हेल्मेटची कड मात्र या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ आहे. स्वीडिश टेलिव्हिजनने चाचण्यांसाठी चित्रित केलेल्या एका तुकड्यात पाण्यावरून बदकं उडतात. बिटरेटरावांनी बदकांकडे आजवर लक्ष दिलेलं नाही. त्यांची नजर पाण्याच्या तरंगांवर असते, कारण तिथला एकही चौकोन मागच्या फ्रेममधल्या चौकोनाशी धड जुळत नाही आणि एन्कोडरची खरी अब्रू तिथेच जाते. मग दोन खिडक्या उघडल्या जातात, एकीत मूळ आणि दुसरीत दाबलेली फ्रेम, दोन्ही चौपट मोठ्या केलेल्या. एक कळ दाबली की मूळ, पुन्हा दाबली की दाबलेली. टक-टक, टक-टक. खुर्ची पुढे सरकते, नाक पडद्याला टेकायच्या बेतात येतं. शेजारी साक्षीदार म्हणून उभा केलेला मेव्हणा असतो. ‘हा तरंग बघ. मुळात आहे, इथं नुसता लेप दिलाय.’ मेव्हणा प्रामाणिकपणे म्हणतो, ‘दाजी, मला दोन्ही सारखंच दिसतंय.’ यावर ‘सारखं दिसतंय म्हणजे तू बघत नाहीयेस’ असा निवाडा होतो आणि मेव्हणा कायमचा बाद ठरतो.

मेव्हण्याची बाजू घेणारे म्हणतील की डोळ्यांचे हे चोचले हवेत कशाला, सरळ मोजावं. मोजमाप होतंच. पीएसएनआर नावाचा जुना मापदंड मूळ आणि दाबलेल्या चित्रातले ठिपके एकेक करून ताडून पाहतो आणि फरकाच्या वर्गांची सरासरी काढून गुण देतो. यात गणिती खोट काही नाही, पण त्याला एक खोड आहे : त्याला धूसरपणा आवडतो. गवताचं पातं नेमकं कुठे हे पुरेशा बिटांत सांगता येत नसेल, तर चुकीच्या जागी पातं काढण्यापेक्षा तिथे हिरवा सपाट लेप दिला तर फरक कमी भरतो आणि गुण जास्त मिळतात. डोळ्याला मात्र जागा चुकलेलं गवत चालतं, गवताच्या जागी लावलेला ऑइलपेंट चालत नाही. एक्स२६४ मध्ये २००८ च्या सुमारास डोळ्याच्या या आवडीनिवडी धरून निर्णय घ्यायची पद्धत आली. तिने पीएसएनआरचे गुण घटले आणि चित्र सुधारलं. एवढंच नव्हे, तर ही पद्धत बंद करून खास पीएसएनआरसाठी एन्कोड करायची एक वेगळी सेटिंगही त्या एन्कोडरमध्ये आहे. म्हणजे परीक्षेत दाखवायला एक चेहरा आणि घरी वापरायला दुसरा. आकडा वर जातो तेव्हा चित्र खाली जाऊ शकतं, हे आकड्याच्या तोंडून कधीच कळलं नसतं. त्यासाठी पडद्याला नाक लावून ‘लेप दिलाय’ म्हणणारं कोणीतरी लागतंच.

यावर सुधारक म्हणतील की ही जुनी गोष्ट झाली, आता मापदंड शहाणे झाले आहेत. खरं आहे. २००४ मध्ये एसएसआयएम आला, त्याने सुट्या ठिपक्यांपेक्षा चित्राच्या घडणीकडे पाहायला सुरुवात केली. २०१६ मध्ये नेटफ्लिक्सने व्हीमॅफ खुला केला. पण व्हीमॅफ शहाणा झाला कशाने? माणसांना चित्रं दाखवून, त्यांनी दिलेले गुण त्याला शिकवून. म्हणजे मेव्हण्यासारख्या बऱ्याच जणांना खुर्चीत बसवल्यावरच हे यंत्र तयार झालं. शिवाय यंत्राला गुण देता आले की यंत्राला फसवताही येतं : दाबण्याआधी चित्र जरा धारदार केलं, त्यातला उजेड-अंधाराचा फरक वाढवला, की व्हीमॅफचे गुण वाढतात, चित्र मुळाशी प्रामाणिक राहो वा न राहो. अखेर २०२० मध्ये नेटफ्लिक्सलाच अशा सजावटीचे गुण न धरणारी वेगळी पद्धत काढावी लागली. प्रत्येक मापदंड कुठे फसतो हे शोधायला मापदंडाबाहेरचा माणूस लागतो, आणि पगार न घेता हे काम करायला तयार असलेली माणसं जगात थोडी आहेत.

याहून बळकट आक्षेप असा की बिटरेटराव स्वतःच पक्षपाती आहेत. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. चित्राचा दर्जा माणसांकडून कसा जोखावा याबद्दल आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची बीटी.५०० नावाची शिफारस आहे. पडद्यापासूनचं अंतर, खोलीतला उजेड, बघणाऱ्याची नजर आणि रंगज्ञान, सगळ्याचा त्यात विचार आहे. बघणारे किमान पंधरा असावेत आणि ते या विषयातले तज्ज्ञ नसावेत, असा तिचा जुना दंडक. या कसोटीवर मेव्हणा पास होतो आणि बिटरेटराव दारातच अडतात. ते योग्यच आहे. रात्रभर संगणक तापवून मिळालेली फाइल सकाळी वाईट दिसेल एवढी निष्ठुर नजर कोणाकडे नसते. एक्स२६४ च्या कर्त्यांना हा स्वभाव चांगला ठाऊक असावा. वेगाकडून संथपणाकडे जाणाऱ्या दहा सेटिंगांतल्या शेवटच्या, सगळ्यांत संथ सेटिंगचं नाव त्यांनी ‘प्लासिबो’ ठेवलं आहे. बिटरेटराव ते नाव वाचतात, हसतात आणि तीच सेटिंग निवडतात. एव्ही-१ मध्ये फिल्मचा दाणा आधी काढून टाकायचा, त्याचं फक्त वर्णन पाठवायचं आणि तसाच नवा दाणा पाहणाऱ्याच्या यंत्रात तयार करून चित्रावर घालायचा, अशी सोय आहे. बिटरेटराव त्यावर ‘हा दाणा मूळचा नव्हे’ म्हणून रुसतात. पण फाइलींची नावं झाकून दोन्ही समोर ठेवली तर मूळचा कुठला हे सांगताना त्यांनाही घाम फुटेल. तेव्हा ‘नवी आवृत्ती जुनीपेक्षा पंधरा टक्के सरस’ हे त्यांचं मत कुठल्याही तक्त्यात घालू नये. मतासाठी पंधरा मेव्हणे पुरेत.

पण मत आणि तक्रार या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि सगळा घोळ त्या एकत्र केल्याने होतो. मताला सरासरी लागते. तक्रारीला लागतो एक पत्ता : अमुक तुकडा, अमुक फ्रेम, खालचा डावा कोपरा, अमुक सेटिंग. तो पत्ता बरोबर आहे की नाही हे तक्रारदाराच्या स्वभावाशी काही घेणंदेणं न ठेवता तपासता येतं. लग्नाच्या पंगतीत ‘सगळं छान झालंय’ म्हणणाऱ्या शंभर जणांपेक्षा ‘तिसऱ्या पातेल्यातलं वरण अळणी आहे’ म्हणणारा एक खवचट काका आचाऱ्याच्या जास्त कामाचा असतो, मग बाकी त्याचं कुठल्याच लग्नात पोट भरलेलं नसलं तरी चालतं. इथे पुरावाही हाताशी आहे. इंटेल आणि नेटफ्लिक्सने मिळून केलेल्या एसव्हीटी-एव्ही-१ या एन्कोडरचा हौशी मंडळींनी आपला एक फाटा काढला, कारण मूळ एन्कोडर मापदंडांचे गुण मिळवताना अंधारातले बारकावे आणि पोत खातो, अशी त्यांची कुरकुर होती. पुढे त्या फाट्यातल्या काही युक्त्या मूळ एन्कोडरमध्येच घेतल्या गेल्या. कुरकुर थेट मानाने आत आली.

राहता राहिला व्यवहारी माणसाचा प्रश्न : दोन मेगाबाइट वाचवायला रात्रभर वीज जाळायची, हा कुठला हिशेब? मोठ्या वितरकाचा हिशेब सरळ आहे. एकदा दाबायचं आणि लाखो लोकांनी पाहायचं. बिटरेटरावांच्या घरी चाळीस वेळा दाबायचं आणि एकदाही पाहायचं नाही, त्यामुळे तिथे काटकसर शोधू नये. पण एव्ही-१ मार्च २०१८ मध्ये जाहीर झालं, तेव्हाचा त्याचा मूळ एन्कोडर सगळ्यांत संथ सेटिंगवर चालवला तर एका मिनिटाच्या एचडी चित्राला रात्र पुरत नसे. त्या अवस्थेत ते चालवून पाहायला कोणता व्यवहारी माणूस बसला असता? व्यवहारी माणूस येतो तो दोन-तीन वर्षांनी, चुका निस्तरल्यावर. मधल्या काळात चुकांशी संसार करायला असलाच कोणी लागतो. म्हणून पूर्वावृत्ती बाहेर सोडणाऱ्यांना माझी एकच सूचना आहे. बिटरेटरावांना ‘कसं वाटलं?’ असं चुकूनही विचारू नये. कितवी फ्रेम, कुठला कोपरा, कुठली सेटिंग, एवढेच रकाने ठेवावेत आणि त्यात ते जे भरतील ते डोळ्यांत तेल घालून वाचावं. ‘एकंदर अभिप्राय’ हा रकाना ठेवूच नये. ठेवलाच, तर त्यातला मजकूर एन्कोडरमधून काढावा, सर्वांत वेगवान सेटिंगवर.