अनफॉर्च्युनेटली

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टपाशी भेटले आणि 'अनफॉर्च्युनेटली...' म्हणाले, की मी पुढचं न ऐकता घरी जाऊन बादल्या भरायला लागतो. पाणी जाणार, लिफ्ट बंद राहणार किंवा मेंटेनन्स वाढणार, यापलीकडे त्या शब्दामागून आजवर काही आलेलं नाही. मेंटेनन्स वाढला, तरी भरलेल्या बादल्या काही वाया जात नाहीत.

मराठी माणूस पूर्वीही नकार देतच होता, पण त्याला सोबत खेद लागत नसे. 'जमायचं नाही' एवढ्यावर भागायचं. पुण्यातल्या जुन्या पाट्यांवर तर दिलगिरी औषधालासुद्धा सापडायची नाही. दुकान 1 ते 4 बंद म्हणजे बंद, त्यात दैवाचा काय संबंध? आता तोच नकार इंग्रजी उसासा टाकत येतो. बँकेतली मुलगी 'अनफॉर्च्युनेटली सर्व्हर डाऊन आहे' म्हणते आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे प्रसन्नपणे बघते. लग्नातला केटरर 'सॅडली बासुंदी संपली' असं सांगतो. या सगळ्यांत शोक खरा असलाच तर तो बासुंदीचा.

हा शब्द वाक्यात कुठे बसलाय, त्यावरून माणूस ओळखावा. सुरुवातीला येतो तो ऑफिसातला खेद. तो ऐकला की उरलेलं वाक्य ऐकलं नाही तरी चालतं. शेवटी येतो तो नातेवाइकांचा. 'मुंजीला यायचं फार मनात होतं हो, पण नाहीच जमलं, अनफॉर्च्युनेटली.' त्याच दिवशीचे त्यांचे लोणावळ्याचे फोटो आपण आधीच पाहिलेले असतात. मधोमध येतो तो वकिलांचा. तो कानावर पडेपर्यंत आपली फी देऊन झालेली असते.

इंग्रजीतल्या सोवळ्या पंडितांनी या कुळातल्या एका शब्दाला फार छळलं, तो म्हणजे 'होपफुली'. 'होपफुली पाऊस पडेल' असं कोणी म्हटलं, की ते विचारायचे, आशा कोण करतंय, पाऊस? 1960च्या दशकात पेटलेलं हे भांडण इतकं लांबलं, की असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने तो वापर मान्य केला 2012 साली. 'अनफॉर्च्युनेटली'ला मात्र कोणी असं हटकलं नाही. आशेला मालक दाखवा म्हणणाऱ्यांनी दुःखाला बेवारस हिंडू दिलं.

एक भेद मात्र त्यांनी जिवापाड जपला. 'रिग्रेटफुली' म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात खेद दाटलेला आहे. 'रिग्रेटेबली' म्हणजे गोष्ट खेदजनक आहे, बोलणारा मजेत असला तरी हरकत नाही. आपल्याकडचे एचआरवाले हा भेद कोणी न शिकवता पाळतात. 'रिग्रेटेबली यंदा पगारवाढ नाही' या मेलमध्ये व्याकरणाची एकही चूक नसते.

या बाबतीत रेल्वे त्यातल्या त्यात सज्जन. लोकल उशिरा धावत असली की फलाटावरच्या घोषणेत निदान 'आम्ही दिलगीर आहोत' असं असतं. म्हणजे खेदाला धनी आहे, भले तो कधी दिसत नसो. आरक्षणाच्या पडद्यावर मात्र तिनेही हात वर केलेत. गणपतीत कोकणात जायचं तिकीट काढायला बसा. प्रतीक्षायादी भरली की आकड्याच्या जागी नुसतं 'रिग्रेट' उमटतं. कोणाला, कशाबद्दल, काही नाही. पूर्वी हे दुःख 120 दिवस आधी मिळायचं. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळे मधले दोन महिने तरी आशेवर निघतात.

अँड्रॉइड फोनसुद्धा मध्यंतरी अ‍ॅप कोसळलं की 'अनफॉर्च्युनेटली' म्हणून मग ते बंद पडल्याचं सांगायचा. पुढच्या आवृत्त्यांत तो शब्द गेला. आता बंद पडलं म्हणजे पडलं. फोन पुणेरी झाला.

मराठीत 'दुर्दैवाने' आहे की, पण बोलताना तो वापरला तर माणूस सातच्या बातम्या देतोय असं वाटतं. खरंच वाईट वाटलं तर आपण 'मला वाईट वाटतं' म्हणतो, आणि तो 'मला' तोंडातून निघाला की फसलो. समोरचा म्हणतो, 'वाईट वाटतंय ना? मग करा की काहीतरी!' इंग्रजी शब्दात ही भीती नाही. दुःख रीतसर व्यक्त होतं आणि कोणाच्याही अंगाला लागत नाही.

म्हणून हल्ली मी अशा दुःखाचा मालक शोधायला लागलोय. परवा विम्याच्या क्लेमचं विचारायला फोन केला. पलीकडचा मुलगा अदबीने म्हणाला, 'सर, अनफॉर्च्युनेटली तुमचा क्लेम रिजेक्ट झालाय.'

'दुर्दैव खरं,' मी म्हटलं, 'पण नक्की कोणाचं? तुमचं, की कंपनीचं?'

मुलगा गडबडला. असा प्रश्न त्याच्या कागदावर नसावा. 'सर, एक मिनिट होल्ड करता?' म्हणाला आणि संगीत सुरू झालं. बऱ्याच वेळाने, बहुधा वरिष्ठांना विचारून, तो परत आला.

'थँक्यू फॉर होल्डिंग, सर. कन्फर्म केलं,' तो म्हणाला. 'तुमचं.'