कुंपणावरचं पोलंड

"काकी, कधी आलात वो पोलंडहून? दोन आठवडे दार बंद, मला तर जेवण गोड लागंना."

"परवा आलो बघ. पण घड्याळ अजून तिकडचंच. रात्री तीनपर्यंत टक्क जागा असतो मी."

"आणि काका?"

"ते आलेत, त्यांचे गुडघे अजून विएलिच्काच्या मिठाच्या खाणीत आहेत. सुरुवातीलाच ३८० पायऱ्या खाली! पण खाली गेलो आणि बघतच राहिलो की. जमिनीखाली १०१ मीटरवर देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च गं. मूर्ती मिठाच्या, झुंबरंसुद्धा मिठाच्या स्फटिकांची. ह्यांनी भिंत चाटून बघितली आणि म्हणाले, 'तुझा रस्सा याच्यापेक्षा खारट असतोय.'"

"मग जेवायचे हाल झाले असतील."

"पिएरोगी मिळतात. दिसायला करंजी, पण उकडलेली. आत बटाटा आणि पनीरागत काहीतरी. तिखटाचं नाव नाही. मी पर्समधनं कांदा-लसूण चटणी काढली. वेटर कौतुकानं बघत होता, म्हणून त्याला चमचाभर दिली. जग संपवला की त्यानं पाण्याचा! मला क्राकुफचा ड्रॅगन आठवला."

"हा कुठला आता?"

"वावेल टेकडीखालच्या गुहेत राहायचा म्हणे. माणसं, जनावरं, सगळं खायचा. शेवटी एका चांभारानं मेंढीच्या कातड्यात गंधक भरून पुढ्यात ठेवलं. त्यानं गिळलं, पोटात आग पडली, व्हिस्तुला नदीवर जाऊन पीत सुटला, तो फुटेपर्यंत. आता तिथं त्याचा पुतळा आहे, तोंडातनं खरा जाळ काढतो."

"लई भारी!"

"भारी तर पुढंच आहे. तिथल्या चौकात चर्चच्या मनोऱ्यावरनं दर तासाला तुतारी वाजते, चारी दिशांना. वाजवणारी माणसं अग्निशमन दलाची. आणि सूर मध्येच तुटतो. मला वाटलं, बिचाऱ्याला ठसका लागला. गाईड म्हणाली, १२४१ साली तातारांची धाड आली, पहारेकऱ्यानं इशारा दिला आणि बाण त्याच्या गळ्यात बसला. आख्यायिकाच ती. पण सूर आजही तिथंच तोडतात."

"अंगावर काटा आला काकी."

"वॉर्सात तर मी गप्पच झालो. जुनं शहर दिसतंय शेकडो वर्षांचं, पण १९४४ मध्ये जर्मनांनी त्याचा चुराडा केलेला. लोकांनी परत उभं केलं. त्यासाठी बेलोत्तो नावाच्या चित्रकारानं अठराव्या शतकात काढलेली शहराची चित्रंसुद्धा समोर ठेवली. युनेस्कोनं १९८० मध्ये त्या नव्याच जुन्या शहराला जागतिक वारसा म्हटलं."

"आठवण ठेवावी ती अशी."

"आता खरं ऐक. त्याच वॉर्सात एक स्मारक बघितलं. त्यावर नाव काय असेल? कोल्हापूर!"

"आपलं?"

"मग दुसरं कुठलं? महायुद्धात घरदार सुटलेली पोलंडची सुमारे ५ हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं, १९४३ ते १९४८ वळिवड्याच्या छावणीत राहिली. तू साड्या घ्यायला गांधीनगरला जातेस ना? तीच ती जागा. ते गेल्यावर तिथं फाळणीत आलेले सिंधी राहिले."

"काकी, एवढी वर्षं गांधीनगरला जातोय, मला कुणी सांगितलं नाही की."

"मला तरी कुठं ठाऊक? महावीर गार्डनमध्ये त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. मी फिरायला जातो तिथं, पण कधी थांबून वाचला नाही. गल्लीत कुणाच्या घरी कुठली भाजी शिजली ते आपल्याला कळतंय, पण पाच वर्षं शेजारी राहून गेलेल्यांचं नाव आपल्या गप्पांत नाही. आणि ती माणसं तिकडं आपलं नाव दगडात कोरून बसलीत."

"मग रविवारी जाऊया?"

"चल. आधी स्तंभ, मग वळिवडे, साड्या शेवटी. विमान नको, के.एम.टी. पुरे."