विज्ञान घराबाहेर कसं काढावं: नवशिक्या पालकांसाठी मार्गदर्शन

सर्वप्रथम, खोका फाडू नका. मुलाच्या सहाव्या वाढदिवसाला तुम्ही जो काही भारदस्त नावाचा निसर्गसंच आणला आहे, त्यातली सगळ्यांत टिकाऊ वस्तू तो खोकाच आहे. आतलं भिंग आठवडाभरात ओरखडतं, प्लॅस्टिकचा चिमटा पहिल्याच संध्याकाळी सोफ्याखाली जातो. खोक्याचं मात्र आधी घर होतं, मग बोगदा, आणि शेवटी मांजरीचं बाळंतपण. आमचा खोका दीड वर्ष चालला.

त्यावरचं चित्र मात्र एकदा नीट पाहून घ्या. पांढरा कोट घातलेली एक मुलगी हिरव्यागार कुरणात ओणवी होऊन फुलपाखराकडे भिंगातून पाहते आहे, आणि फुलपाखरू तिला पाहू देतं आहे. असं कुरण आमच्या सिंहगड रस्त्यावर नाही. आमच्याकडे सोसायटीचं पार्किंग आहे, त्याच्या कडेने दीड फूट रुंदीचा मातीचा पट्टा आहे, पट्ट्यात कर्दळ आहे आणि 'गवतावर चालू नये' अशी पाटी आहे. गवत नाही. घाबरू नका, विज्ञानाला एवढं पुरतं.

खरेदी अजून व्हायची असेल तर दुकानात दोनच गोष्टी बघा. एक, आयएसआयचं चिन्ह. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर ते सक्तीचं आहे. दुसरी, वयाची सूचना. 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' हे वाचून "आमचा बंड्या वयाच्या मानाने फार पुढे आहे हो" असं म्हणणारा एक तरी बाप काउंटरवर असतोच. ती सूचना बंड्याच्या बुद्धीबद्दल नसून त्याच्या श्वासनलिकेबद्दल आहे, आणि ती वयाच्या मानानेच रुंद असते.

संच घेतलाच पाहिजे असंही नाही. अरविंद गुप्तांनी कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर होऊन पुढची कित्येक वर्षं पुण्यात, आयुकाच्या विज्ञान केंद्रात, कचऱ्यातून खेळणी करण्यात घालवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची काड्यापेटीतल्या काड्यांची युक्ती घरोघरी व्हायला हवी. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घ्यायची, तिचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे कापायचे आणि दोन्ही टोकांतून गुल काढलेल्या काड्या खुपसायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण कसाही दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच लुळा पडतो. पुलांच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे कळायला एवढं पुरे. मी हे वाचलं आणि उत्साहाने सात-आठ महिने रिकाम्या बाटल्या, झाकणं, सुतळ्या जमवल्या. खेळणं एकही झालं नाही. बायकोने भंगारवाल्याला बोलावलं तेव्हा बाटल्यांचे बत्तीस रुपये आले.

आता प्रत्यक्ष कृती.

पायरी पहिली: भिंग. मुलाला बजावून सांगा, भिंगातून किंवा नुसत्या डोळ्यांनीही सूर्याकडे बघायचं नाही. हे तीनदा सांगा, आणि तिसऱ्यांदा सांगताना हसू नका. त्यानंतर उन्हात भिंग धरून ठिपका बारीक होईपर्यंत ते खालीवर करा. ठिपका अगदी बारीक झाला की भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. ते नाभीय अंतर. इथवर सगळं शैक्षणिक असतं. अडचण अशी की ठिपका बारीक झाल्यावर कागद तपकिरी पडतो, धुराची एक रेघ निघते आणि बापाचं वय झर्रकन नऊवर येतं. मी सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस हाताशी होती म्हणून घेतली. भोक नेमकं तारखेच्या जागी पडलं. लेक तोपर्यंत भिंगाची पिशवी डोक्यावर घालून वॉचमनकाकांना दाखवायला गेली होती.

पायरी दुसरी: जाळीच्या झाकणाची डबी. ही किडे पकडण्यासाठी असते. पकडावा, पाहावा, सोडावा असा क्रम आहे आणि तिसऱ्या टप्प्याला उशीर चालत नाही. पुण्यात मुंग्यांवर भागवावं लागतं. मौज हवी असेल तर जूनच्या पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर गावी जा. आम्ही वाईजवळ सासुरवाडीला होतो. बांधावरची ओली माती, आणि तिच्यावर कुणीतरी लाल मखमलीचे तुकडे कातरून टाकावेत तसे मृगाचे किडे. मृग नक्षत्र लागलं की दिसतात म्हणून हे नाव. एक तळहातावर घेतला. आधी पाय पोटाशी ओढून मटाराच्या दाण्यासारखा बसून राहिला, मग पुढचे दोन पाय चाचपडत बाहेर आले, मग मागचे, आणि अगदी सावकाश, निवडणूक हरलेल्या माणसासारखा तो चालायला लागला. भिंगाखाली त्याच्या अंगावरचे केस वेगवेगळे दिसत होते.

संचातल्या तक्त्यावर 'कीटकाला सहा पाय असतात' असं छापलं होतं. लेकीने मोजले. आठ. पुन्हा मोजले. आठच. मग तिने तक्त्याकडे पाहिलं, किड्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, "याला दोन जास्त आलेत." मी समजावलं की तो कीटक नव्हेच, आठ पायांमुळे तो कोळी आणि विंचू यांच्या खानदानात जातो. ती म्हणाली, "मग याला मृगाचा किडा का म्हणतात?" मराठीत 'किडा' म्हणायला पायांची अट नाही, हे उत्तर मला दोन दिवसांनी सुचलं. अशा वेळी काय करावं, हे संचातल्या पुस्तिकेत दिलेलं नाही. डबी मात्र लगेच उघडा. आमच्या लहानपणी आम्ही हे किडे काड्यापेटीत ठेवायचो आणि सकाळी काड्यापेटीत नुसता लाल रंग उरलेला असायचा. तो प्रयोग पुरेसा झाला आहे.

वाणी, म्हणजे ज्याला काहीजण पैसा म्हणतात तो, काडीने हलकेच डिवचलात तर नाण्यासारखा गुंडाळून घेईल. हाताने उचलू नका. बोटांना वास राहतो आणि तोच हात पोह्यांत जातो.

लोहचुंबकाचं फार सांगण्यासारखं नाही. बांधकामाच्या वाळूत फिरवा, काळी पूड चिकटते. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट असतं, तेच हे. फक्त चुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. नाहीतर ती पूड चुंबकावरून कधीच निघत नाही, आणि फ्रिजवर लावलेल्या चुंबकाला दाढी फुटते.

पायरी तिसरी: शून्य सावली. याला संच लागत नाही, बाटली लागते, आणि नवशिक्याने सगळ्यांत जास्त फजिती करून घ्यावी अशी हीच जागा आहे. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जातं, त्यामुळे आपल्या राज्यात कुठेही वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली गडप होते. दिल्लीला हा मान नाही. पुण्यात एक दिवस मेच्या मध्याला येतो, दुसरा जुलैच्या अखेरीस. जुलैतला ढगांनी खाल्लेला असतो, म्हणून मे.

मी चांगली तयारी केली. आदल्या दिवशी सोसायटीतल्या मुलांना आमंत्रणं दिली. साडेअकराला गच्चीची किल्ली आणली, सहा मुलं, तीन आज्या, पन्ह्याचा जग. बारा वाजायला पाच मिनिटं असताना मी छोटंसं भाषणही केलं. बारा वाजले. सावली होती. नीट, ठसठशीत, बोटभर. "होईल, होईल," मी म्हणालो. बारा वाजून दहा. सावली आहे. एका आजीने विचारलं, "आजच आहे ना नक्की?" सव्वाबाराला पन्हं संपलं आणि जेवायला हाका आल्या. लेक तेवढी राहिली, कारण फरशी तापली होती, तिच्या चपला खाली होत्या आणि ती माझ्या बुटांवर उभी होती. तिला बाटलीशेजारी माझ्या रुमालावर ठेवून मी टाकीच्या आडोशाला गेलो आणि फोनवर कारण शोधायला लागलो.

कारण सोपं आहे. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, म्हणजे मिर्झापूरजवळचं आहे. पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला, ७४ अंशांच्याही अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने सूर्य आपल्याकडे जवळपास अर्धा तास उशिरा माथ्यावर येतो. बारा वाजता मीटरभर काठीला तेरा सेंटीमीटर सावली असणारच. मेच्या मध्याला पुण्याची खरी दुपार साडेबाराच्या किंचित पुढे होते. हा गुणाकार मी अगदी मन लावून करत होतो, तेवढ्यात लेक ओरडली, "बाबा, बाटलीची सावली बाटलीखाली गेली!" मी "आलोच" म्हणालो. शेवटची वजाबाकी राहिली होती. पोचलो तेव्हा दुसऱ्या बाजूने सावलीची कड डोकावायला लागली होती.

पायरी चौथी: इंद्रधनुष्य. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून फवारा उडवा, पाठ सूर्याकडे करा. सकाळी करा किंवा चारनंतर. सूर्य ४२ अंशांपेक्षा वर असेल तर समोर कमान दिसणार नाही, भर दुपारी तर नाहीच. हे मला अर्धी टाकी रिकामी झाल्यावर कळलं. पाणीकपातीच्या आठवड्यात हा प्रयोग करू नये, शेजाऱ्यांना विज्ञानाची आवड असली तरी.

पायरी पाचवी तुम्ही करायची नाही, ती आजीला करू द्यायची. माझी आई गावाहून आली होती. संध्याकाळी नातीला घेऊन मागच्या मोकळ्या प्लॉटच्या कुंपणाशी गेली आणि मोगली एरंडाचा देठ मोडला, पण पुरता नाही, एका बाजूची साल धरून राहील इतकाच. फटीत चिकाचा पातळ पडदा ताणला गेला. तिने ओठ न लावता हलकी फुंकर घातली आणि फटीतून एकामागून एक सात-आठ फुगे निघाले. उतरत्या उन्हात आधी हिरवे, मग जांभळे, फुटायच्या आत सोनेरी. मी पडद्याच्या दोन बाजूंवरून परतणाऱ्या किरणांबद्दल बोलायला तोंड उघडलं. आईने माझ्या हातात देठ दिला. चीक डोळ्यांत, तोंडात जाता कामा नये, हात लगेच साबणाने धुवायचे, आणि कपड्यांवरचा डाग जात नाही. माझ्या शर्टावर तो अजून आहे.

पायरी सहावी: पर्जन्यमापक. सरळ अंगाची बाटली घ्या, मान कापून उलटी आत बसवा, म्हणजे नरसाळं होतं. बुड ओबडधोबड असतं, म्हणून खाली खडे घालून एका रेघेपर्यंत पाणी भरा. ती शून्याची रेघ. मग पट्टी लावा. जेवढे मिलिमीटर पाणी चढेल तेवढा पाऊस, आणि एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. वीस मिलिमीटर पडला त्या दिवशी मी सेक्रेटरींना सांगितलं की आपल्या चारशे चौरस मीटर पार्किंगवर आठ हजार लिटर पाणी पडून गटारात गेलं. ते टँकरवाल्याशी फोनवर बोलत होते, त्यांनी हातानेच थांबा म्हटलं.

शिवाजीनगरला, जुनी माणसं अजून ज्याला शिमला ऑफिस म्हणतात, तिथे हवामान खातं पावसाची नोंद सकाळी साडेआठला घेतं. आमची स्कूलव्हॅन सातला येते, त्यामुळे रविवारपुरताच शास्त्रीय शिस्त पाळता येते. त्या रविवारी मला जाग आली तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. गॅलरीत बाटली रिकामी होती, तुळशीची माती काळीभोर ओली होती आणि नोंदवही उघडी पडली होती. तारखेपुढे मिलिमीटरच्या रकान्यात लिहिलं होतं: 'आजचा पाउस तुळशिला दीला.'

ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करायला मी पेन उचललं. आईने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "चहा ठेवलाय."

म्हणून शेवटची सूचना: नोंदवहीला पेन बांधून ठेवू नये, पेन्सिल ठेवावी, आणि तीही मुलाच्या हाताला लागेल पण तुमच्या लागणार नाही अशा उंचीवर.